मामाच्या खाटेचा वाटेकरी

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

मामाच्या मृत्युपत्रावर अजून कोर्टाचा शिक्का बसलेला नाही. वकील म्हणतात, काम सरळ आहे, काळजी नको. खोली, शिलाई मशीन आणि खाट, सगळं तुझ्याच नावावर होईल. गिऱ्हाईकही तयार आहे, पण त्याला खोली रिकामी हवी.

तुला ठाऊक नसेल, मामा इथे एकटा राहत नव्हता. तो रात्री झोपायचा आणि त्याचे एक रखवालदार मित्र रात्रपाळी संपवून सकाळी त्याच खाटेवर. आता रात्री मी झोपतो. सकाळी देवाला हात जोडतो, तोवर ते दारात येऊन थांबतात. काल म्हणाले, "भाचेबुवा, तुमच्या मामानं चादरीला कधी सुरकुती ठेवली नाही. शिंप्याच्या घरात असं चालत नाही."

मी हसलो. मग त्यांनी खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "शिक्का बसला की मी निघतो."

"कुठे जाणार?"

"रात्रीची सोय आहेच की. दिवसाचं बघू."

किल्ली मी परत त्यांच्या हातात दिली. तुला न विचारता दिली, रागावू नकोस. ते आहेत तोवर खोली विकायची नाही, असं ठरवलं तर चालेल का? आपल्या छपराची गळती मग आणखी काही वर्षं सोसावी लागेल, हे मला कळतं. पण ते स्वतः कधी मागणार नाहीत, म्हणून मी मागतोय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा थोरला