जोव्हेलिनची ताटली

प्रिय लेकी डेलिझा,

गेल्यानंतर ज्यांच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना मी चालवते, त्यांची नावं घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिते, तुला ठाऊकच आहे. पूर्वी वर्षाला तीन-चार नावं असायची, तीही दात पडलेल्यांची. यंदा ऑगस्टपर्यंतच अकरा झाली आणि त्यांत म्हाताऱ्या माणसाचं एकच. खरं सांगू, रडू कमी आणि रागच जास्त येतो. अर्सिंगच्या नातवानं हेल्मेट घातलं नाही. का, तर केस बसतात! शवपेटीत मात्र छान विंचरून ठेवले होते. पेद्रिंग न्हावी रक्तदाबाची गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचा. "एका पाकिटात तीन महिने काढतो, शीक माझ्याकडून," असं मलाच सांगायचा. मग कॉफीत बिस्किटं बुडवत सगळे म्हणतात, देवाची इच्छा. देवाला दुसरा उद्योग नाही का? हेल्मेट खुंटीवर काय त्यानं टांगलं होतं?

अकरावं नाव जोव्हेलिनचं. शाळेत तुझ्या शेजारी बसायची ती. तिनं स्वतःच जीव दिला. तिची आई, आउरिंग, झोपेत गेली म्हणून सांगते, आणि आम्ही माना डोलावतो. मला तिचाही राग आला होता. एकदा नापास झाली म्हणून कुणी जातं? वादळात आमचं छप्पर उडालं, तरी दुसऱ्या दिवशी आम्ही भात शिजवलाच ना! हल्लीची पोरं काचेची, असं प्रार्थनेला जाताना आठ दिवस वाटभर पुटपुटत होते.

काल नववा दिवस. गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताटलीत वाढून ठेवायचं. आउरिंग रिकामी ताटली धरून चुलीपाशी उभीच. बायका म्हणाल्या, अगं वाढ ना, सगळं गार होतंय. तर थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी माझ्याकडे वळून म्हणाली, "मानांग, तिला हल्ली काय आवडायचं गं? खोलीतून जेवायलाच येत नव्हती. मी म्हटलं, नखरे. म्हटलं, माळ ओढ, बरं वाटेल." शेवटी तिनं नुसता पांढरा भात ठेवला.

तीन आठवड्यांपूर्वी तुझा फोन आला, तेव्हा मी शेंगा निवडत होते. तू म्हणालीस, "नानांग, सकाळी उठवतच नाही गं, कशातच जीव रमत नाही." आणि मी म्हणाले, माळ ओढ, बरं वाटेल. वर म्हणाले, नखरे पुरेत. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, नुसतं 'कामात आहे' असं लिहून पाठवतेस. फोन उचललास, तरी माझी जीभ पुन्हा तेच बोलेल अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र मनिलाच्या बसवाल्याच्या हाती देतेय. त्याच्या मागून सुटणाऱ्या बसनं मीही निघतेय. चुकलं माझं. माळ आणेन, पण ती माझ्यासाठी. डॉक्टरकडे जायचं असेल तर बाहेरच्या बाकावर बसेन, काही विचारणार नाही. वांगी-कारली बांधून घेतली होती, पण पुन्हा सोडून ठेवली. तुला हल्ली काय आवडतं, मला ठाऊक नाही, पोरी. दार उघड आणि सांग. बाजार तिथेच करीन.

चुकलेली पण तुझीच,
नानांग