चार्जरच्या ठरावाला मी बाहेर थांबलो

३ फेब्रुवारी
बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, क्षमस्व. कोणाची क्षमा मागतोय ते नीट सांगता येणार नाही. वही माझी, वाचणाराही मीच. पण चूक झाली की तिची नोंद व्हायला हवी, ही आमच्या खात्याची सवय. (अंतर्गत लेखापरीक्षण. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात उमेदीची वर्षं गेली.)

घडामोड अशी की इलेक्ट्रिक गाडी घेतली. जुनी पेट्रोलची देऊन टाकली. चार्जर आपल्याच पार्किंगमध्ये बसवायचा, पण त्याला सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते. आधी परवानगी आणि मग गाडी असं का नाही, असं बायकोने तेव्हाच विचारलं होतं. आठवड्याचं काम आहे, असं मी सांगितलं.

गाडी खरं तर तिच्यासाठी. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. हॉस्पिटल शहराबाहेर, सकाळची पाळी उजाडायच्या आत, त्या वेळी बस नसते. सध्या मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो की गाडी बाजारातल्या चार्जरवर नेतो, रांगेत लावतो, भरेपर्यंत आत बसून राहतो. वाईट नाही. एकांत मिळतो, वाचन होतं. (एक पान. मग डोळा लागतो.)

अर्ज उद्या देणार.

९ फेब्रुवारी
अर्ज दिला. ‘विनंती’ लिहावं की ‘नम्र विनंती’, यावर थोडा वेळ गेला. शेवटी नम्र.

अर्जासोबत ‘संभाव्य धोके’ असं परिशिष्ट स्वतःहून जोडलं. कोणी मागितलं नव्हतं. पण आपली बाजू मांडताना विरुद्ध बाजूही मांडावी, त्याने वजन वाढतं. खजिनदार वहिनी आधी म्हणाल्या होत्या की त्यांची काही हरकत नाही, मोबाइलसारखंच ते, फक्त मोठं. परिशिष्ट वाचून त्यांचा फोन आला. भाऊजी, आग लागली तर पहिल्या मजल्यावर आमचंच बेडरूम येतं ना हो, असं विचारत होत्या. अभ्यासपूर्ण प्रश्न. परिशिष्टाचा परिणाम होतोय.

१२ फेब्रुवारी
अध्यक्षांना भेटलो. निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्याला आधी ताठ बसायला सांगतात. अर्ज वाचून त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, अर्ज उत्तम आहे, पण निर्णय घेणार कोण? कमिटी पाच जणांची. दोघं कायम बाहेरगावी, एकाने फ्लॅट विकला. उरले ते आणि वहिनी. ठरावाला निदान तिघं हजर लागतात. आम्ही दोघं मिळून चहा पिऊ शकतो, ठराव करू शकत नाही, असं म्हणाले.

म्हणजे घोडं इथे पेंड खातंय. अडचण कळली की ती अर्धी सुटते.

खालच्या कॉमन प्लगवर तात्पुरती गाडी लावू का, असं बायकोने विचारलं. त्यालाही परवानगी लागते. नियम मीच तिला वाचून दाखवला.

१६ फेब्रुवारी
उपाय सापडला. मीच कमिटीत जातो. रिकामी जागा भरायला अध्यक्षांची सही पुरते. मी आलो की तिघं झाले. आता कोणाचंच काम अडणार नाही.

बायको म्हणाली, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालायस, आधी घरची चूल पेटव. मी समजावलं की हीच ती चूल. कन्येने फोनमधून डोकंही वर न काढता विचारलं, म्हणजे बाबा, तुम्हीच अर्ज करणार आणि तुम्हीच पास करणार? भारी आहे.

हे ‘भारी आहे’ तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

१ मार्च
पहिली मीटिंग, अध्यक्षांच्या हॉलमध्ये. आधी मी तयार केलेली चार्जर-नियमावली मांडली. असले नियम नसतील तर उद्या सावळागोंधळ होईल. एक कलम असं की चार्जर ज्याच्या नावावर, फक्त त्याचीच गाडी त्यावर लावता येईल. वहिनींनी विचारलं, एवढं कशाला हो? गैरवापर टाळायला, असं मी सांगितलं. एकमताने मंजूर. अध्यक्ष म्हणाले, मुद्देसूद.

मग माझा अर्ज आला. मी उठलो, या विषयात माझा हितसंबंध असल्याचं सांगितलं आणि बाहेर जाऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. कुंपणच शेत खातं, असं उद्या कोणी म्हणायला नको. मन अगदी स्वच्छ वाटत होतं. ऑफिसात माणसं असं करत नाहीत. करायला हवं.

बराच वेळ कोणी बोलावेना. मग वहिनी बाहेर आल्या. मी बाहेर गेल्यावर आत दोघंच उरले, दोघांना ठराव करता येत नाही, म्हणून अर्ज पुढच्या महिन्यावर. म्हणाल्या, भाऊजी, नुसतं खुर्चीत बसून छताकडे बघितलं असतंत तरी चाललं असतं. मागून अध्यक्ष म्हणाले, पेपर लिहू नका, पण हजेरी तरी लावा.

घरी सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं की बाहेर जायला कोणी सांगितलं होतं. कोणीच नाही, मी म्हणालो. त्यातच तर सगळं आलं. तिला ते पटलं असावं, कारण ती उठून सकाळचा गजर लावायला गेली.

१२ मार्च
काल बाजारातला चार्जर बंद होता. मी बराच वेळ थांबलो, कारण तो सुरू होईल असं वाटत होतं. आज सकाळी गाडीत हॉस्पिटलपर्यंत पोचण्याइतकंही चार्जिंग नव्हतं. ती एका नर्सच्या स्कूटरवर मागे बसून गेली. उशिरा पोचली. रक्ताचे नमुने ताटकळले, असं ती म्हणाली. पेशंटही उपाशीपोटी ताटकळले.

संध्याकाळी सांगत होती की हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एक खोली रिकामी झालीय. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहावं असा विचार आहे. मी हसलो. ती हसली नाही, पण तिची विनोदाची पद्धत तशीच आहे.

पुढच्या मीटिंगला काम होतंय. आता खुर्चीत बसणार.

२० मार्च
बसणार म्हणालो खरा. पण हितसंबंध असलेल्या माणसाने नुसतं बसणं हासुद्धा एक प्रकारचा दबाव नाही का? समोर माणूस बसला की नाही म्हणणं जड जातं. विचार चालू आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनीही गाडी घेतली. त्यांचा अर्ज आला. एक ओळ. परिशिष्ट नाही. कीव आली.

२९ मार्च
दुसरी मीटिंग. सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी विचारलं तर उत्तर असावं. (कोण विचारणार? मी.)

इलेक्ट्रिशियनचा रिपोर्ट आला होता. सध्याच्या केबलवर एकच चार्जर चालेल. दुसरा हवा तर मेन केबल बदलावी लागेल, आणि त्याला सगळ्या फ्लॅटधारकांची संमती.

आता क्रम. माझ्याच नियमावलीतल्या कार्यपद्धतीप्रमाणे नवे विषय आधी, तहकूब झालेले नंतर. दंतवैद्य नवे. मी तहकूब. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, भाऊजी, उलटं घेऊ या का? अध्यक्षही तयार दिसले. क्षणभर मोह झाला. पण स्वतःच्या सोयीसाठी क्रम बदलला तर मग नियम कशाला?

दंतवैद्यांच्या विषयात बाहेर जावं का, हाही प्रश्न होता. तिथे माझा हितसंबंध उलट्या बाजूने होता. पण मी गेलो तर त्यांचंही काम अडणार. विरोध केला तर तो स्वार्थ. म्हणून निःपक्षपणे हात वर केला. एकमताने मंजूर.

मग माझा अर्ज. केबलमध्ये जागाच नव्हती, त्यामुळे बाहेर जायची वेळ आली नाही. अध्यक्ष पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारखा विद्यार्थी मला आयुष्यात मिळाला नाही. कौतुकाने म्हणाले, असं मी धरून चाललोय.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, लोकांना एवढा न्याय देतोस, त्यातला थोडा घरी आण.

८ एप्रिल
दंतवैद्यांचा चार्जर बसला. आमच्या पार्किंगच्या अगदी शेजारी. हिरवा दिवा लागतो.

मी दोन महिन्यांत जे करू शकलो नाही ते बायकोने लिफ्टमध्ये केलं. दंतवैद्यांच्या बायकोला विचारलं, तुमची गाडी भरली की आमची लावू का, युनिटांचा हिशोब करू. ती म्हणाली, अगं, विचारायचं काय त्यात. इतकं सोपं. मीही मनात म्हणालो, बघा, मार्ग निघतोच.

संध्याकाळी तिने गाडी लावली. वॉचमनने वर फोन करून नम्रपणे सांगितलं की काढावी लागेल. नोटीस बोर्डावर नियम लावलाय, चार्जर ज्याच्या नावावर त्याचीच गाडी. ती खाली गेली, बोर्ड वाचला. खाली कमिटीतर्फे माझी सही. ठळक आहे.

नियम बदलता येईल का, असं अध्यक्षांना विचारलं. म्हणाले, अवश्य. मीटिंग घेऊ. तिघं हवेत. पण या दुरुस्तीत तुमचा हितसंबंध आहे, नाही का? खरोखर विचारत होते.

मी म्हणालो, आहे.

बायको शेजारीच उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जसं रिपोर्ट पुन्हा एकदा तपासून तोच आला की बघत असेल.

१३ एप्रिल
खोली घेतली. पडदे लागतील, म्हणाली. क्वार्टर्सच्या मागे चार्जिंगची सोय आहे, त्यामुळे गाडीही तिकडेच राहणार. शनिवार-रविवार ती येईल. सोय झाली तर.

रागावलेली नाही. रागावली असती तर मुद्द्याला मुद्दा मांडता आला असता. कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, तू चुकीचा नाहीस रे, मला फक्त वेळेवर पोचायचंय. यावर बराच विचार केला. खोडून काढता येईल असं त्यात काही सापडलं नाही.

कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही त्या दिवशी आत बसला असतात तर? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता. ती म्हणाली, हो ना, आणि आमच्या खोलीत जाऊन दिवा लावून आईला न्यायची पुस्तकं निवडून देऊ लागली. मी दारात उभा होतो. आत येऊ का, असं विचारणार होतो.

उद्या : तिच्या बॅगा गाडीपर्यंत न्यायच्या.