फ्रान्सहून परत आणलेली राखी

फाहाहील, कुवेत
३ सप्टेंबर १९७८

प्रिय शरद,

परवा सुखरूप परतलो. इथला उन्हाळा अजून हटलेला नाही. गार पाण्याचा नळ सोडला तरी हात भाजतो. बॅगा तशाच पडल्यात आणि मी तुला लिहायला बसले आहे, यावरून काय ते ओळख.

तुझ्या दाजींनी या वेळी चक्क इथूनच गाडी काढली. बसरा, बगदाद, तुर्कस्तान करत थेट फ्रान्स! हौसेला मोल नसतं, कबूल. पण या माणसाची हौस म्हणजे रणांगणं. लोक बायकोला पॅरिस दाखवतात, यांनी मला वॉटर्लू दाखवलं. बघायला काय, तर शेतं आणि चरणाऱ्या गाई. हे हातवारे करून घोडदळ कुठून आलं ते सांगताहेत आणि आमची वीणा मागच्या सीटवर इंग्रजीतून कुरकुरतेय. तू असतास तर दोघांनी मिळून त्यांची मस्त टर उडवली असती.

मग उत्तर फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या शिपायांच्या स्मारकाशी थांबलो. ज्यांचा देहही सापडला नाही, त्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत. नेमकी नारळी पौर्णिमा होती. शीख, गुरखे, पठाण, मधेच आपल्याकडचं वाटावं असं एखादं नाव. प्रत्येकाची कुठेतरी बहीण असणार, तबक घेऊन बसलेली. एकाहत्तरच्या डिसेंबरात तू आघाडीवर होतास, तारवाला दिसला की मी दार लावून घ्यायचे. तार आली: उजवा हात गेला, तू वाचलास. तेव्हा मी त्या हातासाठी रडले. त्या भिंतीपाशी रडले ती तू घरी आलास म्हणून. दाजी घाबरलेच.

इस्पितळात तू म्हणाला होतास, ताई, आता राखी आणू नकोस, बांधायला हातच नाही. मी राखी पाठवणं बंद केलं. पण दरवर्षी इथल्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, जरीचा धागा आणते, राखी करते आणि पर्समध्ये ठेवून देते. त्या स्मारकापाशी वाटलं, तिथल्याच एखाद्या खांबाला बांधावी. हात पुढेही केला, पण बांधवली नाही. त्या सगळ्या भावांना नमस्कार केला आणि राखी परत आणली. माझा भाऊ साताऱ्यात जिवंत असताना ती खांबाला कशाला? सोबत पाठवते आहे. पौर्णिमा उलटली तर उलटली. ज्या हातानं मला इतक्या सुरेख अक्षरात पत्रं लिहितोस, त्याच हातावर लेकीकडून बांधून घे. आता नाही म्हणायचं नाही.

तुझीच,
राखी पाठवायला भाऊ असलेली
ताई