दाराबाहेरचं ताट

समुद्रावर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वर्षालीताईस,
धाकट्या भावाचा पडल्या पडल्या सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज तुटतो आणि तुटलेल्या जागी आई स्वतःचे शब्द भरते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तूही तसंच कर. हे आईला वाचून दाखवू नकोस.

परवा नाश्त्याच्या वेळी पोटात ढवळायला लागलं. घरी असतो तर पित्त म्हणून सोडून दिलं असतं. इथे मी स्वतः चालत जाऊन जहाजाच्या डॉक्टरना सांगितलं. त्यांनी तिथूनच केबिनमध्ये पाठवलं. उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुरते दोन दिवस बाहेर पडायचं नाही. माझ्या केबिनमधल्या सोबत्याला दुसरीकडे झोपायला पाठवलंय. काही प्रवासीही आजारी आहेत. पोटाचा विषाणू आहे. हजारो माणसं, एक जेवणघर, तेच कठडे, तीच लिफ्टची बटणं. त्याला पसरायला आणखी काय हवं?

जेवण दाराबाहेर येतं. रोमेल म्हणून जेवणघरात माझ्याबरोबर काम करणारा एक फिलिपिनो आहे, तो ठेवतो. दोनदा दार वाजवतो आणि मी उघडायच्या आत निघून जातो. नियमच तसा आहे. केबिनला खिडकी नाही, त्यामुळे दिवस कुठवर आलाय ते त्याच्या ताटावरून कळतं.

आपल्या खानावळीचं कळव. त्या चाकणच्या कंपनीच्या जेवणाच्या कामाचं पुढे काय झालं?

लोभ आहे तसाच असू दे. सध्या तो दाराबाहेर ठेवलास तरी चालेल.

तुझा,
धनेश


तळवडे,
११ फेब्रुवारी

चि. धनेशला,
मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, आणि थोडा रागही.

वाचून दाखवू नकोस हे तू पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंस. मी तुझं अक्षर बघितलं आणि मोठ्याने वाचायला लागले. त्या ओळीवर आले तेव्हा आई समोर बसलेली होती. मग थांबता येईना.

तिला तुझ्या आजाराचं इतकं लागलं नाही. ताटाचं लागलं. आजारी माणसाला असं वाळीत टाकतात का, म्हणाली. आपल्याकडे कुणी पडलं तर गल्ली विचारपूस करून जाते, आणि हा कोण मेला दार वाजवून पळून जाणारा? डॉक्टरकडे जाऊन सांगायला तुला कुणी सांगितलं होतं, हेही विचारलंय. हॉटेल मॅनेजमेंट शिकवलं ते लोकांना हात धुवायला लावत दारात उभं राहण्यासाठी, हे तर तिचं नेहमीचंच.

कंपनीचं जमत आलंय. सोमवारी, सतरा तारखेला ट्रायल. दोन शिफ्टचं जेवण करून न्यायचं. पसंत पडलं तर कायमचं काम. ॲडमिनचे साहेब मागच्या आठवड्यात येऊन जेवून गेले. आई तव्यावरची भाकरी हाताने मोडून ताटात घालते ते त्यांनी दोनदा बघितलं. आमच्या लोकांना हेच हवंय, घरचा हात, असं म्हणाले. इम्तियाजभाईंनी टेम्पो धुऊन ठेवलाय. दादांच्या कामाचा प्रेस शॉप बंद पडला, ते वारले आणि वडिलांमागे आपण ही चूल मांडली, तेव्हापासून इतकं मोठं काम कधी आलं नव्हतं. मला झोप लागत नाही. कशाने, ते कळत नाही.

काल गणराजला जेवता जेवता उलटी झाली. तोच, पावडर कोटिंगच्या कारखान्यातला, लातूरचा. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं, पोटच्या पोरासारखं. फरशीही तिनेच पुसून घेतली. मी सगळ्यांच्या हातावर जेल दिलं, कोरोनातल्या बाटल्या अजून आहेत. त्याला पित्त झालंय, दुसरं काही नाही.

ताप आला तर लपवू नकोस. आमच्यावरची माया पाण्याबरोबर पोटात राहू दे.

तुझी,
वर्षालीताई


समुद्रावर,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस, घाईचा नमस्कार.

मी बाहेर आलो. बरा आहे. माझं सोड.

गणराजचं पित्त असेल असं वाटत नाही. असलं तर बरंच. नसलं तर ते त्या पदरावर आहे, फडक्यावर आहे आणि आईच्या हातावर आहे. जेलने ते मरत नाही, ताई. इथे प्रवासी रोज माझ्याशी याच्यावरून भांडतात. जेवणघराच्या दारात मी बेसिनपाशी उभा असतो. ते खिशातली बाटली दाखवतात आणि पुढे निघतात. मी हसून आडवा येतो. साबण, वाहतं पाणी, बोटांच्या मध्ये, नखांखाली, चोळून. संडासातून आल्यावर आणि खाण्याआधी. दुसरा उपाय नाही.

तो पदर आणि फडकं गरम पाण्यात वेगळं धुवायला टाक, नाहीतर फडकं फेकूनच दे. जिथे उलटी झाली ती फरशी, बाकडं, दाराची कडी ब्लीचच्या पाण्याने पूस आणि लगेच कोरडं करू नकोस, पाणी थोडा वेळ तसंच राहू दे. पुसताना हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नकोस.

माठात सगळे एकच पेला बुडवतात ना अजून? तो माठ बंद कर. आणि वाढायचं काम एकाकडेच दे. इथे साथ आली की पहिली गोष्ट हीच करतात. प्रवाशांच्या हातातून डाव काढून घेतात. इतके पैसे भरून आलेली माणसं, त्यांना स्वतःच्या हाताने भात घेता येत नाही. चिडतात. पण एका डावाला किती हात लागतात ते आम्ही बघितलेलं असतं.

आणखी कुणाला त्रास झालाय का? पित्त एकाला होतं. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

उत्तर लवकर दे. माया आहे हे धरून चालतोय, म्हणूनच एवढा हुकूम चालवला.

धनेश


तळवडे,
१४ फेब्रुवारी

चि. धनेश,
आशीर्वाद. हुकूम पोचला.

माठ बंद केला. नळाचा ड्रम आणून दारात ठेवला, खाली बादली, शेजारी साबण. शिफ्ट सुटून आलेल्यांनी मला हैराण केलं. ताई, जहाज किती वाजता सुटतंय? ताई, तिकीट दाखवायचं की नखं? एकाने तर आत येताना कपाळाला हात लावून सलाम ठोकला. पण धुतात. ग्रीस निघेपर्यंत धुतात. मी तुझ्यासारखी आडवी येते. हसायचं तेवढं जमत नाही.

अडलंय ते आईपाशी. सगळं धुते, चोळून धुते, पण पीठ मळायच्या आधी साबण लावत नाही. साबणाचा वास भाकरीत उतरतो, म्हणते. आजवर कुणी भाकरी परत केली नाही ती याच हातांमुळे. मी बिनवासाचा साबण आणला. तिला त्यालाही वास आला. शेवटी नुसत्या पाण्याने धुऊन बसली आणि माझ्याकडे पाठ केली.

गणराजच्या खोलीतला आणखी एकजण पडलाय. गणराजच्याच बाकड्यावर जेवायला बसणारा सनीही.

आता खरं लिहिते. आज सकाळपासून आई तीनदा मागे जाऊन आली. तोंड धुऊन येते, परातीपाशी बसते. विचारलं तर पित्त. परवापासून जागरण झालंय, पित्त. आलं चघळतेय. हातातली परात मी ओढली तर तिने ती सोडली नाही. सोमवारचं होऊ दे, मग मला कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते ने, म्हणाली.

मला भाकरी येते, पण तशी नाही. साहेबांनी जे बघितलं ते तिच्या हातात आहे. तिला बाजूला केलं तर न्यायला काही उरत नाही.

तूच सांग. दोन दिवसांत तिला बरं वाटलं तर चालेल ना? चालेल असं लिही.

लिहिशील एवढा जीव असू दे.

वर्षाली


समुद्रावर,
१५ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार.

तसं लिहिता येत नाही.

बरं वाटलं तरी दोन दिवस धरायचे असतात, आणि ते उलटी थांबल्यावर मोजायला लागायचं. तिची थांबलेली नाही. सोमवार त्यात बसत नाही. इथला हेडकुक माझ्या दुप्पट वयाचा आहे. त्याला नुसतं मळमळलं तरी तो भटारखान्याच्या बाहेर उभा राहून निरोप देतो, आत पाऊल टाकत नाही. त्याच्या हाताला कुणी नावं ठेवत नाही. त्याच्या हाताची किंमत आहे, म्हणूनच तो बाहेर थांबतो.

मी डॉक्टरकडे गेलो तेव्हा जिन्यात दोनदा थांबलो होतो, एवढं तुला सांगतो. मागे फिरणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं.

इथून लिहायला माझं काय जातं? कंपनीला फोन तुला करायचाय, आईच्या डोळ्यांकडे तुला बघायचंय. मी हजार मैलांवर लोकांचे हात बघत उभा आहे आणि मला आपल्या परातीशिवाय काही दिसत नाही. तिला पाणी पाजत राहा. मीठ-साखरेचं. लघवी कमी झाली किंवा चक्कर आली तर थांबू नकोस, दवाखाना गाठ.

तू काहीही ठरवलंस तरी माझा लोभ हलणार नाही.

धनेश


तळवडे,
१७ फेब्रुवारी

चि. धनेश, आशीर्वाद.

काल सकाळी फोन केला. घरात आजार आहे, स्वयंपाक करणारीलाच आहे, सोमवारी जेवण पाठवू शकत नाही, असं सांगितलं. साहेबांनी कुणाकुणाला, कधीपासून ते विचारलं. मग आधी सांगितलंत ते बरं केलंत, म्हणाले. आजच्या दिवसापुरतं दुसरीकडून मागवतो. पुढचं कळवतो. पुढचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

खानावळही बंद ठेवलीय. इम्तियाजभाई टेम्पो घेऊन दारात आले होते. ताई, तुम्ही तर बोट बंदरातच बुडवली, म्हणाले. मग खाली उतरून मला ड्रम घासू लागले.

आईला आतल्या खोलीत ठेवलंय. कडी मी लावली नाही. तिने आतून लावली. काल रात्रीपासून उलटी नाही, जुलाब अजून आहेत. मी ताट ठेवते, दार वाजवते आणि बाजूला होते. कालचं पहिलं ताट तसंच परत आलं. एका घरात असून ती माझ्याशी बोलत नाही.

आज दोन शिफ्टची माणसं कुणाच्या हातची भाकरी खातायत कोण जाणे. फोन वाजला की मी उठते. दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.

माझ्यावर रागावलेली दोन माणसं नकोत. तू तरी नीट रहा.

ताई


तळवडे
ता. १९

चिरंजीव धनेश यास आईचे आशीर्वाद. खाऊन पिऊन सुखी ऱ्हा.

चौथीनंतर आज लिव्हतेय, हसू नको. आता बरं हाय. उलटी न्हाई, पोट दुखत न्हाई. भायेर शिवजयंतीचे ढोल चालल्यात आन मी खोलीत बसलेय.

तुझ्या ताईनं एवढं मोठं काम घालवलं. कंपनीचा फोन अजून आला न्हाई. येतो का न्हाई देवाला ठाऊक. मी तिच्याशी बोलत न्हाई.

पयल्या दिवशी ताट सरकवून दिलं. म्हनलं, पोटची पोरगी, आन कुत्र्यागत दारात ताट ठेवती. सांच्याला पुन्हा दार वाजलं. दोनदा. उघडस्तोवर ती बाजूला झाली व्हती. ताटावर दुसरं ताट झाकलेलं व्हतं, वाफ जाऊ ने म्हनून. भात मऊ केला व्हता. भाकरी तिची, कडा फाटलेल्या. तिच्या पाठीवरचा पदर तेवढा दिसला सैपाकघरात जाताना. ती तिथं कोपऱ्यात उभीच व्हती बग, मी ताट आत घेईस्तोवर. मग गेली.

तुझ्या दारात ताट ठेवनाऱ्या त्या पोराला मी लई बोलले. त्यो बी असाच थांबत असंल कोपऱ्यात. त्याला माझा आशीर्वाद सांग. त्याची माय कुठं असती ते इचार.

ह्या कागदाचा फोटो तुझ्या ताईलाच काढावा लागंल, तवा ती वाचनारच. वाचू दे. जुलाब काल थांबलं, उद्या दोन दिस भरत्यात. परातीला बसायच्या आधी मी साबन लावीन म्हनावं. भाकरीला वास आला तर येऊ दे.

जीव लावून ऱ्हा.

तुझी आई
सुभद्राबाई