काळं विमान आणि न्हाणीची भिंत

बाबा, तुमच्या त्या काळ्या विमानानं आज माझा अख्खा दिवस नासवला. झालं असं की ऑफिसात नव्यानं आलेल्या ज्युनिअर इंजिनिअरनं कुठलंसं इंग्रजी मासिक आणलं होतं आणि त्यात ते होतं, पानभर. सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. मी आपली कालव्याचा नकाशा ट्रेस करत बसले होते, मान वर करायची नाही असं ठरवून. तेवढ्यात एक जण म्हणाला, याच्या दोन्ही शेपट्या सरळ उभ्या आहेत. माझ्या तोंडून निघालंच, "सरळ कुठं, आत झुकलेल्या असतात त्या." झालं! मॅडमले कसं माहीत, मॅडमले काहून माहीत, सगळे मागेच लागले. मग मी उंची सांगितली, आवाजाच्या तिप्पट वेग सांगितला, काळा रंग कशासाठी तेही सांगितलं. तुमच्यासारखाच एक हात हवेत तिरपा धरून. तो हात खाली घेतला तेव्हा स्वतःची इतकी शिसारी आली की डबा न उघडताच घरी आणला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. म्हटलं, आता तरी सांगून टाकावं.

तुम्ही कुहीकडच्या गावातून नागपूरला आलात आणि नकाशाच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून चिकटलात. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे धुरे-बांध कागदावर काढलेत. ऑफिसातलं वाया गेलेलं ट्रेसिंगचं कापड घरी आणायचात. आईला ते हवं असायचं, कारण गरम पाण्यात खळ काढली की त्याचे मऊसूत रुमाल होतात. तुम्हाला ते विमानांसाठी हवं असायचं. त्यावरून तुम्हा दोघांची किती भांडणं! "घरचा पंखा आठ दिवसांपासून बंद पडून आहे, अन् हे आकाशातल्या पंख्यांची मापं घेऊन राहिले," असं आई चुलीपुढून ओरडायची आणि तुम्ही मला डोळा मारायचात. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार मजा वाटायची. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी मासिकं, त्यातली ती अंगठ्याएवढी चित्रं, आणि तुम्ही त्यावरून मोजून मोजून हातभर विमान काढताय. हेरगिरीचीच विमानं आवडायची तुम्हाला. बॉम्ब टाकणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहायचा नाहीत. नाकापासून पंखापर्यंत जाणारी ती लांब कडा काढताना तुम्ही माझा हात धरलात ते आठवतं. "श्वास सोडू नको वं. रेघ सरली का मंग सोड." आजही मी तशीच रेघ काढते, श्वास रोखून, आणि त्यावरच माझं पोट चालतं.

रविवारी सकाळी ओट्यावर तुमची बैठक बसायची. बैठक म्हणजे तुम्ही आणि शेजारचे सायकलवाले काका, दोघंच, पण आवाज दहा जणांचा. ते म्हणायचे, रशियाचं विमान जास्त पळते. तुम्ही म्हणायचात, पळते पण दम टिकत नाही. मग मला हाक. मी कॉलेजात जायला लागले तरी मला तिथं उभं करून आकडे म्हणवून घ्यायचात, पाढे म्हणवून घ्यावे तसे. काका मान डोलवायचे, "पोरगी हुशार आहे गा तुमची." आणि काळ्या विमानाबद्दल तुमचं ते ठरलेलं वाक्य, चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणायचात ते, "बंदूक नाही, बॉम्ब नाही. कोणाले हात लावत नाही. फक्त पाहते." काय तो कौतुकाचा सूर! त्या विमानाला काही लाजलज्जा असती तर तेही खाली उतरून तुम्हाला नमस्कार करून गेलं असतं.

एकाहत्तरच्या युद्धाच्या पुढच्या उन्हाळ्यात मी न्हाणीत होते. आपली न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यातल्या खांद्याएवढ्या भिंती, वर उघडं आभाळ. पलीकडे काकांची छपरी, जुने टायर रचायची. मी सहज वर पाहिलं तर दोन टायरांच्या मधे त्यांचं डोकं. हललंसुद्धा नाही. मी ओरडले नाही याचा मला अजूनही राग येतो. ओलेत्यानंच लुगडं गुंडाळून आत पळाले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्हाला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला. तुमचा घास थांबला नाही. "नजर चुकून गेली असन," असं म्हणालात. मी म्हटलं, बाबा, चुकून नाही, ते पाहूनच राहिले होते. तेव्हा तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "पाहलंच ना? हात तर नाही लावला? बोभाटा केला तर तुहीच बदनामी होते. जाऊ दे."

शी! बाबा, शब्द तरी दुसरे शोधायचे होते. विमानासाठी वापरलेलंच वाक्य तुम्ही आपल्या पोरीच्या पुढ्यात टाकलंत, आणि वरून आईला म्हणालात, भाजीत मीठ कमी आहे. त्या रात्रीपासून तुम्ही शाईची दौत उघडली की मी उठून आईजवळ जाऊन बसायचे. तुम्ही चित्र दाखवायला हाक मारायचात आणि मला दिसायचं ते टायरांमधलं डोकं. मी अंधार पडल्यावर आंघोळ करायला लागले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काहून म्हणून.

पोळा जवळ आला तशी वस्तीतली मंडळाची पोरं आईकडे जुनं कापड मागायला आली. मारबतीच्या मिरवणुकीत ओढून नेऊन जाळायला बडग्याचा पुतळा करायचा होता त्यांना, आणि कोणाचा करावा यावर घोळ चालला होता. तुमचं काळं विमान ज्याचं, त्या मोठ्या देशानं युद्धात आरमार धाडून आपल्याला डोळे दाखवले होते, त्याचंच नाक कापायचं, एवढं ठरलेलं. मी म्हटलं, त्यांचं चोरून फोटो काढणारं विमान करा. पोरं खूश, पण काढणार कोण? मी आत गेले आणि तुमच्या पेटीतून ते सगळ्यात चांगलं चित्र काढून आणलं. वरून, समोरून, बाजूनं, तिन्ही अंगांनी काढलेलं, तुमच्या महिनाभराच्या मेहनतीचं. दिलं त्यांच्या हातात. वर फळाही रंगवून दिला. 'चोरून पाहणाऱ्याचं तोंड काळं.' बांबू मंडळानं आणले, कागद मंडळानं आणला, आणि खालची चाकं दिली सायकलवाल्या काकांनी. फुकट! देशाचं काम आहे म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बडगा आपल्या दारापुढून निघाला. वीस फूट लांब, काळाकुट्ट, गळ्यात चपलांची माळ. तुम्ही बनियनवरच बाहेर धावलात. मला अजून दिसताय तुम्ही, त्याच्याभोवती लहान पोरासारखे फिरताय, शेपटीला हात लावताय. "माप बरोबर आहे लेकहो! कोणं काढलं गा हे?" मग तुमची नजर फळ्यावर गेली. ती अक्षरं तुम्हीच मला शिकवली होती, नकाशावर गावाचं नाव लिहायची. तुम्ही फळा वाचलात. पुढं दोर धरून उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलंत, आणि मग ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे. तुम्हाला सगळं कळलं, बाबा. वाटलं, आता हे त्या माणसाची कॉलर धरतात. आता धरतात. काका हसून म्हणाले, "या ना साहेब, हात लावा!" आणि तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन दोर धरलात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत," ओरडलात सुद्धा, सगळ्यात मोठ्यानं. तुमच्या जिवाभावाचं विमान तुम्ही स्वतःच्या हातानं ओढत जाळायला नेलंत, पण त्या माणसाला एक शब्द बोलवला नाही तुमच्यानं. माणूस इतका कसा भितो? त्या दिवशी तुमची जी किळस आली ती तुम्ही गेलात तरी पुरती गेली नाही.

चित्राचं पुढं काय झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. पण पुढच्या रविवारी ओट्यावर बैठक बसली नाही. तुम्ही कुठून तरी विटा आणल्या होत्या. धोतर खोचून न्हाणीची भिंत चढवायला बसलात, कधी हातात थापी धरली नव्हती तरी. चार थर चढवलेत, वाकडेतिकडे. रेघ केसभरही न हलवणाऱ्या त्याच हातांनी. आणि काका आले की! विटा उचलून द्यायला आले. "कायले वाढवून राहिले भिंत?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "पोरीले वारा लागते." त्यांनी वीट दिली, तुम्ही घेतली. मी दारातून हे सगळं बघत होते. मग तुम्ही हाक मारलीत, "चहा ठेव वं, दोन कप."

बाबा, इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रा म्हणत आले, मनात आणि एकदा आईच्या तोंडावरही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एवढंही लिहून ठेवते. तो चहा मी केला. आलं ठेचून, दूध जास्त घालून. काकांचा कप त्यांच्या हातात मीच दिला, आणि पदर सावरत विचारलं, "साखर बरोबर आहे ना, काका?"