तिसरा प्रिंटर

आकुर्डी, ८ जून २०२५

ती. कौशल्याआत्यास,
मिनलचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी दार उघडून बघतात, म्हणून पत्र. कंपनी सोडल्यापासून मी घरून काम करते, ते तुला माहीत आहेच. महाळुंग्याच्या एका कारखान्यातल्या मशीनवरच्या इंग्रजी सूचना मराठीत करायच्या आणि छापून द्यायच्या.

छापणं हेच दुखणं झालंय. समाधानने लॅपटॉपवर फुकट मिळालेला प्रिंटर आणला. फुकट का, ते आता कळलं. चिमूटभर शाईची डबी, आणि नवी घ्यायला जावं तर तेवढ्या पैशांत दुसरा प्रिंटर येईल. चार दिवस हात लावला नाही की शाई वाळते. काल तर निळी संपली म्हणून त्याने काळं छापायलाही नकार दिला! समाधानचं म्हणणं, तुझ्या घरगुती कामाला एवढा पुरे. दुकानवाला विक्की म्हणतो शाईच्या टाकीवाला घ्या, शेजारच्या बिल्किसभाभी म्हणतात लेझर. तू शाळेच्या ऑफिसात जन्मभर छपाई केलीस. तूच सांग.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
मिनल

निघोजे, १५ जून

चि. सौ. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

फुकटचा प्रिंटर म्हणजे घरजावई. जन्मभर पाजत बसायचं. समाधानरावांना हे वाचून दाखव.

लेझर घेऊ नकोस. नुसतं धूड. रंगीत लेझरची किंमत ऐकूनच माणूस दुकानातून परततो, आणि साधा लेझर सगळं काळंच छापतो, तेराव्याच्या पत्रिकेसारखं. टाकीवाला घे. बाटलीतून शाई ओतायची, पानं स्वस्तात पडतात, रंगही मिळतात. धोक्याचे शब्द लालभडक कर, म्हणजे तुझ्या कारखान्यातल्या झोपाळूंना दिसतील. फक्त अधूनमधून एखादं पान छापत जा, नाहीतर तोही तोंड मिटून बसतो. आणि मोबाइलवरून छापणाऱ्या वायफायचं कौतुक मला सांगू नकोस. कागद आणायला उठावं लागतंच ना?

तुझ्यावर लोभ आहेच, जावईबापूंवर तूर्त नाही.
कौशल्याआत्या

आकुर्डी, २० जुलै

ती. आत्यास सा. न.

टाकीवाला घेतला. पानं देखणी निघाली. पुढचं ऐक.

सुटे भाग धुणाऱ्या मशीनवर माझी सूचना लावली होती, ‘पट्टा चालू असताना आत हात घालायचा नाही.’ त्यातलं ‘नाही’ मी मोठं आणि लाल केलं होतं. रंगीत शाई पाण्यात विरघळणारी निघाली; मशीनचं पाणी उडून उडून लाल वाहून गेली, काळी तेवढी टिकली. मागे राहिलं, ‘पट्टा चालू असताना आत हात घालायचा.’ आम्रपाली नावाची मुलगी नुकतीच लातूरकडून कामाला आलेली. तिने घातला. हातमोजा पट्ट्यात ओढला गेला. शेजारच्या बाईने मशीन बंद केलं म्हणून बोटं वाचली, पण मनगटापर्यंत हात सोलला.

सुपरवायझर म्हणतो, मराठीच चुकीचं होतं. माझं काम थांबवलंय. समाधान म्हणाला, घरगुती कामात असंच व्हायचं. आत्या, मला जेवण जात नाही.

मिनल

निघोजे, २६ जुलै

चि. मिनलला आशीर्वाद.

टाकीची शिफारस माझी. तेव्हा मला आधी पोटभर शिव्या घाल आणि मग जेव.

पण तो सुपरवायझर! धुण्याच्या मशीनला उघडा कागद डकवतो, पट्ट्याला झाकण बसवत नाही, आणि वर तुला मराठी शिकवतो! असल्या माणसाच्या हाती घरचा मिक्सरसुद्धा देऊ नये. आणि जावईबापूंना विचार, ज्यात कुणाचा हात सोलवटतो ते काम घरगुती कसं?

लेझर आण. त्याची पूड कागदावर भाजून बसते, पाण्याने हलत नाही. पण प्रिंटर नंतर. आधी त्या मुलीला भेटून ये.

रागातही तुझीच,
आत्या

आकुर्डी, १७ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

आम्रपालीकडे गेले. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने मलाच चहा केला, एका हाताने. म्हणाली, बाकी सगळं इंग्रजीत होतं, ही एकच पाटी मराठीत दिसली; आपल्यासाठीच लिहिली असणार, म्हणून ऐकलं.

लेझर आणला. समाधानने तो जिन्याने वर चढवला, कुरकुर केली, पण ‘घरगुती’ हा शब्द काढला नाही. चालू झाला की ट्यूबलाइट डोळे मिचकावते, तापला की वास मारतो, आणि लाल काही निघत नाही. पण पान नळाखाली धरलं तर एक अक्षर हललं नाही.

सूचनाही बदलली, ‘पट्टा चालू. हात बाहेर.’ यातला कुठलाही शब्द पुसला तरी कुणाचा हात जाणार नाही. ती घेऊन कारखान्यात गेले, तर सुपरवायझर म्हणाला, मेल करा, आमच्या प्रिंटरवर काढू. त्याचा प्रिंटरही टाकीवालाच! मी सांगितलं, पट्ट्याला झाकण बसवा, मग पाटी मीच येऊन लावीन. तो हसला. मग त्या लाइनवरच्या सगळ्या बायका येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचं हसू गेलं आणि झाकण बसलं.

काल पाटी लावली. आम्रपाली कामावर परत आलीय. तिने ती मोठ्याने वाचली. मग अंगठा ओला करून एकेक अक्षर घासून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता कामाला लागली.

तुझी,
मिनल