मशीन भावजींना, मोटारी कैसाला

मी, इर्या लॅम्पिनेन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मशीन-शॉप, राहणार हॅनकॉक, मिशिगन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळची कॉफी घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवते. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही आहे; पण माझ्यामागे घोळ नको. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर माझी पुतणी कैसा हिला द्यावे. मला मूलबाळ नाही. ती आमच्या शॉपमध्येच लहानाची मोठी झाली. स्वयंपाकघराचे दार अडकते. त्याला खालून हलकी लाथ मारावी, वरून रंधा मारू नये.

२. परसातला सौना, म्हणजे आमची वाफेच्या स्नानाची खोली, कैसा आणि तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर आर्वो, यांच्या सामाईक मालकीचा राहील. दर शनिवारी तो तापवलाच पाहिजे. आधी बायका, मग पुरुष, आणि नंतर सगळ्यांनी एका टेबलावर कॉफी, ही आमची रीत. बाप-लेक ईस्टरपासून एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हापासून भावजी कॉफी न घेता ओल्या केसांनीच घरी जातात. ते मला बघवत नाही.

३. बँकेतील शिल्लक आधी माझ्या अंत्यविधीला, मग शॉपच्या शेडच्या छपराला लावावी. चर्चमध्ये माझ्याबद्दल लांबलचक बोलू नये.

४. चर्चच्या कॉफी समितीच्या हेल्मीबाईंना माझा नखे घासायचा ब्रश द्यावा. माझ्या काळ्या नखांची काळजी त्यांनी जन्मभर वाहिली.

५. आता धातू कापायचे मिलिंग मशीन. माझे दिवंगत पती रेनो यांनी ते जुनेच घेतले आणि पुढे त्याला विजेच्या मोटारी व कॉम्प्युटर जोडला. आकडे भरले की कापायचा तुकडा धरणारे टेबल आपोआप सरकायचे. गेल्या हिवाळ्यात ते दोन्ही टोकांना अडू लागले आणि मोटारी जळाल्या. भावजींनी मोठ्या मोटारी आणून बसवल्या. त्याही टोकाला जाऊन कण्हू लागल्या.

ईस्टरच्या जेवणात कैसा म्हणाली, “बाबा, मोटारीला काय बोल लावता? पट्टा काढा, पुली हातानं फिरवून बघा. टेबलच अडतंय.”

“मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हे मशीन चालवतोय!”

“म्हणूनच मधे झिजलंय ते!”

तिचे खरे होते. काम नेहमी टेबलाच्या मध्यावर चालते, म्हणून झीजही तिथेच होते. तिथला खुळखुळा, म्हणजे ढिलेपणा, जावा म्हणून भावजी दरवर्षी बाजूची पाचर आवळत गेले. टोके मात्र झिजलेली नाहीत, तिथे टेबल गच्च धरते. मग मोटार मोठी आणली काय आणि लहान आणली काय. पण भावजी हट्टाला पेटले आणि लेक दार आपटून निघून गेली.

म्हणून मशीन भावजींना आणि नव्या मोटारी कैसाला देत आहे. एकाचे दुसऱ्यावाचून चालायचे नाही. वकील म्हणाले, असे मृत्युपत्र पाहिलेले नाही. मी म्हटले, मग नीट पाहून घ्या.

६. रेनोंचे स्क्रेपर, म्हणजे लोखंड खरवडायचे हत्यार, आणि निळा रंग भरलेली डबी कैसाला. उन्हाळाभर तिने मोटारी उतरवून ठेवून टोके खरवडली आहेत: निळा रंग लावायचा, टेबल सरकवायचे, रंग लागेल तेवढाच उंचवटा काढायचा, पुन्हा रंग. भावजींना याचा पत्ता नाही. शॉपपाशी तिची गाडी दिसली की ते कोपऱ्यावरूनच परत फिरतात.

७. इथवर लिहिले तोच भंगारवाल्याचा ट्रक दारात आला, मागोमाग भावजी. माझ्या ऑपरेशनपर्यंत मशीन चालले नाही तर त्याला बोलवा, असे मीच रागाने भावजींना म्हटले होते. नेमके तेवढे त्यांनी ऐकले.

शेडमध्ये कैसा मशीनसमोर आडवी उभी राहिली. “काकू, बाबांना सांग, आधी हात लावून बघा म्हणावं.”

“वहिनी, तुमच्या पुतणीला सांगा, मी हजारदा बघितलंय!”

“मी काय टपाल आहे?” मी ओरडले. “एकमेकांशी बोला, नाहीतर दोघंही चालते व्हा!”

मशीन कसे अडते ते भंगारवाल्याला दाखवायचे म्हणून भावजींनी पुली दोन्ही हातांनी धरून जोर लावला, आणि पडता पडता वाचले. पुली सैल फिरली. मग त्यांनी ती दोन बोटांनी फिरवली. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

“पोरी, रेनोदादाचा हात आहे तुझा.”

“मधे थोडा खुळखुळा राहिलाय, बाबा.”

“राहू दे. मोटारी कुठंत?”

“तुमच्या मागं, बाकावर.”

मग माझ्याकडे वळून म्हणतात, “वहिनी, मंगळवारी झडपच बदला हं. मोटार तुमची मूळचीच दणकट आहे!” मला हसू आले आणि रडूही आले.

८. सबब कलम पाच रद्द. मशीन मोटारींसकट दोघांचे. मंगळवारनंतर पहिला तुकडा मात्र मी कापणार, तो हक्क कोणालाही दिलेला नाही. कलम दोन कायम. आज शनिवार आहे, सौना तापतो आहे.

ज्यांना काही मिळायचे आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. म्हणून हाती लागले त्यांच्यासमोर सही करत आहे.

(सही) इर्या लॅम्पिनेन
हॅनकॉक, मिशिगन. शनिवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार:
१. लूएला ऑस्टरहाउट, टपाल घेऊन आल्या होत्या.
२. डेल बुशॉन्ग, भंगार व्यापारी. ट्रक रिकामा नेणार आहेत, पण कॉफीला थांबले आहेत. भावजीही थांबले आहेत.